‘ले’ लावायचं नाही

१४ डिसेंबर, शनिवार. तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. दुसरा शनिवार म्हणून वर्गाला सुटी होती, आणि नवऱ्याने सकाळी बाजारातून भली मोठी पिशवी भरून शेंगा आणून ओट्यावर ठेवल्या होत्या. एकदा सोले, म्हणजे ओले दाणे, काढून ठेवले की चार दिवस भाजीची चिंता नसते हे खरं, पण हे काम एका जागी बसून करायचं असतं, आणि मला बसून करायची कामं मानवत नाहीत. दर पाच-दहा शेंगांनी मी उठत होते. कधी गॅस बंद आहे का पाहायला, कधी दोरीवरचे कपडे उलटे करायला.

तेवढ्यात अकोल्याहून नणंदेचा फोन आला. ती माझ्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन अमरावतीत आले तेव्हा ती शाळेत होती, म्हणून तिला अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही.

“वयनी, काळी खिडकी उघडून बसली मी. सांगा आता.”

“काय सांगू? आधी काय झालं ते बोल.”

“झालं काहीच नाई. तेच तं झालं.”

ती अकोल्याला माती तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. तिचं सासर बाळापूरचं, पण नवरा-बायको नोकरीसाठी अकोल्यात राहतात. या प्रयोगशाळेत ती लागली ती माती कुटायला. शेतकरी पिशवीत माती आणतात, ती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने कुटायची, चाळायची आणि डब्यांत भरायची. कित्येक वर्षं तिने हेच केलं. मग छातीत धूळ बसली, खोकला सुरू झाला, आणि डॉक्टरने धुळीपासून लांब राहा असं बजावलं. सुदैवाने त्याच सुमारास अहवाल काढणारा ऑपरेटर पुण्याला निघून गेला. नणंद त्याच्या मागे उभी राहून पाहत आली होती. ती मालकाला म्हणाली, मी करून पाहते. गेल्या पावसाळ्यापासून ती संगणकावर होती, आणि खोकला बराच कमी झाला होता.

आणि आता तो संगणकच जळला. वीज कमी-जास्त झाली आणि आतून धूर निघाला. मालकाने नवीन घेतला. पुण्याच्या ऑपरेटरने अहवालाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर पाठवून दिला, सोबत मोबाइलवर एका ओळीचा निरोप: ‘MATI_DATA सेट करा, बाकी चालेल.’ त्यानंतर तो फोन उचलेना. मालक म्हणाला, सोमवारपर्यंत वाट पाहतो, नाहीतर अहवालाचं काम नागपूरच्या एकाला देतो. मोगरीवरची बाई नुकतीच काम सोडून गेली होती, म्हणून अहवाल नागपूरला गेले की नणंदेची जागा पुन्हा मोगरीपाशी. हे मालकाने बोलून दाखवलं नव्हतं, दाखवायची गरजही नव्हती.

“घाबरू नको,” मी म्हटलं. “पाच मिनिटांचं काम आहे.”

मी अमरावतीत एका संस्थेत मुलींना संगणक शिकवते. पूर्वी टायपिंग शिकवत होते. टायपिंगची यंत्रं भंगारात गेली तेव्हा मीही नवीन शिकले, आणि त्यात ही काळी खिडकीही शिकले. तिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, आणि ती काय म्हणते ते वाचायचं. मला ही खिडकी आवडते, कारण तिथे कुणी गोड बोलत नाही.

नणंदेला काय करायचं होतं ते अगदी साधं होतं. प्रोग्राम सुरू झाला की त्याला काही गोष्टी आधीपासून ठाऊक असाव्या लागतात. तपासणीचे आकडे, म्हणजे वाचनं, कुठे ठेवली आहेत, अहवाल कुठल्या भाषेत काढायचा, असं. त्या त्याच्या पोटात लिहिलेल्या नसतात, कारण प्रत्येक संगणकावर त्या वेगळ्या. म्हणून बाहेर एक नाव ठरवायचं आणि त्या नावापुढे पत्ता लिहून ठेवायचा. नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगून ठेवतात ना, तिखट या डब्यात, पिठाची चाळणी दाराच्या मागे, तसंच. मग तिला प्रत्येक वेळी विचारावं लागत नाही. इथे नाव होतं MATI_DATA, आणि पत्ता म्हणजे माती तपासणीची वाचनं ज्या फोल्डरमध्ये होती त्याचा रस्ता.

“लिही. एक्स्पोर्ट. मग जागा सोड. मग माती, खालची रेघ, डाटाले बरोबर कर. बरोबरच्या चिन्हाच्या आधी-नंतर जागा सोडायची नाही, बरं का. पुढे तिरपी रेघ, होम, तिरपी रेघ, लॅब, तिरपी रेघ, माती.”

“तिरपी कोन्याकडं?”

“डोकं उजवीकडे. मोठी अक्षरं फक्त नावाला.”

“लिवलं.”

“काय म्हणते?”

“काही म्हणत नाई. खाली सरकली नुसती.”

“मग झालं. आता प्रोग्राम चालव.”

मी तेवढ्यात दोन शेंगा सोलल्या.

“वयनी, म्हणते, MATI_DATA सेट नाई.”

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी विचारलं, बरोबरच्या चिन्हाजवळ जागा सुटली का? नाही म्हणाली. तशी जागा सुटली असती तर खिडकीने लगेच आरडाओरडा केला असता, हे मलाही माहीत होतं. पण खिडकी काहीच बोलत नव्हती. चूक दाखवली तर सुधारता येते. गप्प बसणाऱ्याशी काय भांडायचं?

“आता ECHO लिही, लहान अक्षरांत. जागा. डॉलरचं चिन्ह, आणि त्याला चिकटून MATI_DATA.” echo म्हणजे त्या नावापुढे काय लिहिलं आहे ते मोठ्याने वाचून दाखव, असा हुकूम.

“रिकामं दाखवते.”

“रिकामं कसं?”

“आता रिकामं म्हणजे रिकामं, वयनी. ओळच नाई.”

मी फोन कानाला लावून घरभर फिरू लागले. नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, “तुमी दोघी काय मंत्र म्हणून राहिल्या? भूत उतरून राहिलं का चढून राहिलं?”

“तुमच्याच बहिणीचं आहे.”

“मंग चढलंच असन.”

मी तिला सांगितलं, स्क्रीनचा फोटो काढून पाठव. फोटो आला. स्वच्छ काळा पडदा, वरच्या बाजूला प्रोग्राम चालवल्याची ओळ, तिच्याखाली MATI_DATA सेट नाही असं, आणि खाली लुकलुकणारी रेघ. तिने लिहिलेला export चा हुकूम कुठेच नव्हता.

“वरचं कुठे गेलं?”

“पुसलं. मले तुमीच शिकवलं होतं ना, clear लिवलं का सगळं साफ होते. लय कचरा झाला होता, म्हटलं वयनीले काय कचऱ्याचा फोटो पाठवा. मंग प्रोग्राम नुसता परत चालवला.”

पाहुणे येणार म्हणून आधी अंगण झाडून घ्यावं तसं तिने केलं होतं. मी कपाळावर हात मारला. मग दुसरा फोटो मागवला, तोही झाडलेला आला. तिला पुसू नको म्हणून सांगितलं तेव्हा वीज गेली. वीज आली तेव्हा नवीन संगणक सुरू व्हायला वेळ लागला, आणि मग तिला घरी जायची वेळ झाली, शनिवारी त्यांचं अर्धाच दिवस काम.

दूरवरून तिच्या संगणकात शिरता आलं असतं, पण मालकाने त्याला नेट जोडू दिलं नव्हतं. व्हायरस येतो म्हणे. दुपारभर मी खाटेच्या कडेला बसत, उठत, पुन्हा बसत राहिले. मनात त्या ओळीची प्रत्येक रेघ तपासली. export लिहिलंच नसेल का? मग ते नाव खिडकीपुरतं राहतं आणि प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. पण echo तरी दाखवायला हवं होतं. अक्षरं लहान-मोठी झाली असतील का? मग दुसरंच नाव तयार होतं आणि खिडकी त्यावरही काही बोलत नाही. हेच असेल, मला वाटलं. नाव चुकलं तर खिडकी तक्रार करत नाही, ती मुकाट्याने एक नवं नाव ठेवून घेते.

शेंगा अर्ध्या राहिल्या. नवऱ्याने टीव्हीसमोर बसून बाकीच्या सोलल्या. दाणे कमी आणि किडके जास्त निघाले, असं वर मला ऐकवलं.

रविवारी सकाळी मी अकोल्याची बस धरली. नवरा म्हणाला, “एवढ्यासाठी जातं का कोनी?” मी म्हटलं, जाते मी. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर कापूस लटकलेला होता, ट्रकवरून उडालेला. माझ्या शेजारची बाई पूर्ण रस्ता संत्री सोलून खात होती आणि सालं खिडकीतून माझ्या मांडीवरून टाकत होती. एरवी मी बोलले असते. त्या दिवशी बोलले नाही, कारण माझं डोकं त्या काळ्या खिडकीत होतं.

रविवारी प्रयोगशाळेला सुटी, पण वाळत घातलेली माती उलटायला नणंदेला जावंच लागतं, म्हणून शटरची किल्ली तिच्याकडे असते. मी पोचले तेव्हा ती ट्रेमधली माती हाताने पसरत होती. सगळीकडे खारपाणपट्ट्यातल्या मातीचा वास. नाकात थोडी मिठासारखी चव येते. ती खोकली. तिने माझ्याकडे पाहिलं.

“ते ट्रे सोड,” मी म्हटलं. “आधी संगणक.”

मी खुर्ची ओढली आणि कीबोर्डवर हात ठेवणार, तर तिने माझा हात धरला.

“वयनी, हात मांगं. उद्या मले करा लागन, तुमाले नाई. तुमी बसा, मी करून दाखवतो तुमाले. जसं तुमी सांगतलं तसंच करतो.”

इकडच्या बायका करतो, जातो असंच बोलतात, अधूनमधून माझ्याही तोंडी ही बोली येते. मी हात मागे घेतला. ते सोपं नव्हतं. दुसऱ्याच्या हातून संथपणे होणारं काम पाहणं ही माझ्यासाठी शिक्षा आहे. तिने एकेक अक्षर शोधून दाबलं, मी मांडीवर बोटं वाजवत बसले.

तिने लिहिलं:

export MATI_DATALE=/home/lab/mati

आणि एंटर दाबलं. खिडकी काही बोलली नाही.

मी पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. “माती दाताले.”

“काय?”

“हे शेवटी ले काय आहे?”

“तुमीच तं म्हटलं. डाटाले बरोबर कर.”

“अगं, तो ले आपला आहे, ‘ला’ म्हणतात तो! बोलण्यातला. नाव नुसतं MATI_DATA.”

मग तिने जे सांगितलं त्यावर मला हसू आलं.

“मले माहीत हाय नाव नुसतं डाटा हाय. एररमधी तसंच हाय ना. पन वयनी, इथं तं आपन त्याले पत्ता देऊन राहिलो. कोनाले काई द्यायचं म्हटलं का ले लागतेच. पोराले दे, गायीले दे, डाटाले दे. मांगायचं असन तेवढं नुसतं नाव. म्हणून तं echo करताना मी ले नाई लावला.”

तिच्या हिशेबाने ते बिनचूक होतं. दिलं तेव्हा ले, विचारलं तेव्हा नुसतं नाव. हे तिने आडमुठेपणाने नाही, विचार करून केलं होतं. आणि खिडकीने मुकाट्याने MATI_DATALE नावाचं नवंच काहीतरी तयार करून त्याला पत्ता दिला होता. ज्याचा पत्ता हवा होता तो बिनपत्त्याचाच राहिला.

“या खिडकीत ले लावायचं नाही,” मी म्हटलं. “तिला आपलं व्याकरण कळत नाही. देताना पण नुसतं नाव, मागताना पण नुसतं नाव.”

“मंग तिले कळते कसं, दिलं का मांगितलं?”

“बरोबरचं चिन्ह असलं म्हणजे दिलं. डॉलर असला म्हणजे मागितलं.”

“हं.” तिने स्क्रीनवरच्या बरोबरच्या चिन्हावर बोट ठेवलं. “म्हणजे ले म्हणजे त्या दोन आडव्या रेघा.”

“तसंच समज.”

“मंग तसं सांगा ना बाप्पा! कालपासून दाताले माती लावून राहिली मी.”

आता आम्ही दोघीही हसलो. तिला हसताना पुन्हा खोकला आला. ती पाणी प्यायली आणि ले काढून तिने हुकूम पुन्हा लिहिला. मग echo लिहिलं, डॉलर लावला, आणि रस्ता दिसला, /home/lab/mati. तिने प्रोग्राम चालवला. प्रिंटर घरघरला आणि एक अहवाल बाहेर आला, बाळापूरकडच्या एका शेताचा, क्षार भरपूर, खत कुठलं आणि किती, सगळं मराठीत. तिने कागद हातात धरून वाचला आणि टेबलावर ठेवला.

मला उठून निघायची घाई झाली होती. पण मी म्हटलं, “खिडकी बंद कर, आणि परत उघड.”

“काहून? चालून तं राहिलं.”

“उघड.”

तिने बंद केली, उघडली, echo लिहिलं. रिकामं.

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिला रडू येईल. आलं नाही. तिने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, “हे काय वयनी? आताच तं दिलं होतं!”

“त्या खिडकीला दिलं होतं. ती बंद झाली. ही नवी आहे.”

“म्हणजे रोज द्या लागन?”

मी तिला सांगितलं तसंच इथे लिहिते, कारण वर्गातही मी आता असंच सांगते. काळी खिडकी रोजंदार मजुरासारखी असते. आज आलेल्याला सांगितलं की विळा खोपीत आहे, विहिरीवरची दोरी नवी आहे. संध्याकाळी तो गेला. उद्या दुसरा येतो, त्याला काही माहीत नसतं. मग रोज ओरडून सांगण्यापेक्षा फाटकावर पाटी लावून ठेवायची, म्हणजे येणारा प्रत्येक जण आत शिरताना वाचेल. ती पाटी म्हणजे टिंबाने सुरू होणारी एक फाइल, .bashrc. टिंबामुळे ती फोल्डरमध्ये दिसत नाही, पण असते. नवी खिडकी उघडली की ती आधी ती वाचते.

तिने ती फाइल उघडली, अगदी तळाशी गेली आणि तीच ओळ लिहिली, ले न लावता. लिहिताना ओठ हलत होते. मग फाइल जपून ठेवली, खिडकी बंद, खिडकी उघड, echo. रस्ता आला. तिने तीनदा बंद करून तीनदा उघडून पाहिली. मला वाटलं हे आता जेवणापर्यंत चालेल, म्हणून मी तिला उठवलंच. बाहेरच्या टपरीवर चहा घेतला, आणि मी परतीची बस धरली.

मूर्तिजापूर मागे गेलं तेव्हा मला ते आठवलं. नणंद काळ्या खिडकीतून प्रोग्राम चालवते, पण मालक तसं करत नाही. पुण्याच्या ऑपरेटरने त्याच्यासाठी पडद्यावर एक चित्र करून दिलं होतं, त्यावर दोनदा टिचकी मारली की प्रोग्राम सुरू आणि समोर अहवालांची यादी. नव्या संगणकावरही ते चित्र होतं, मी स्वतः पाहिलं होतं. आम्हा दोघींपैकी कुणीही त्याला हात लावला नाही. तिने तर सांगितलंही होतं, ते मालकाचं हाय.

आणि चित्रावरून सुरू झालेला प्रोग्राम काळ्या खिडकीतून येतच नाही. तो त्या फाटकातून आत शिरत नाही, म्हणजे पाटी वाचत नाही. सोमवारी मालक येणार, चित्रावर टिचकी मारणार, आणि सेट नाही असं दिसणार. मग त्याला कितीही सांगा की दुसऱ्या खिडकीत चालतं, तो नागपूरला फोन लावणार.

मी फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. बसमध्ये उभं राहून फोन करत होते, कंडक्टर म्हणाला, “बाई, बसा ना, गाडी काय फोननं लवकर जाते?” बसले. बडनेऱ्यापर्यंत दर थोड्या वेळाने फोन लावत आले. शेवटी तिच्या नवऱ्याने उचलला, म्हणाला, ती भाकरी करून राहिली, फोन चार्जिंगले होता.

घरी आल्यावर मी आधी स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिलं, ऐकीव सांगायला नको म्हणून. एक खोटंच नाव ठेवलं, पडद्यावर एक चित्र केलं. खिडकीतून चाललं, चित्रावरून नाही. मग तेच नाव दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलं, .profile म्हणतात तिला. ती खिडकी उघडल्यावर नाही, संगणकात आपण शिरतो तेव्हाच वाचली जाते, म्हणजे फाटकावर नाही, गावच्या वेशीवरच पाटी. बाहेर पडून पुन्हा शिरल्यावर चित्रावरूनही चाललं. जेवायच्या आधी तिला फोनवर इतकंच सांगितलं की सकाळी लवकर शटर उघड आणि काही न पुसता मला फोन लाव.

“काही बिघडलं काय वयनी?”

“बिघडलं नाही. मालकाचं चित्र राहिलं.”

“ते तं मी चालवून पाहिलंच नाई.”

“मी पण नाही. सकाळी.”

सोमवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच धरून फोन खांद्यात दाबला. आणि मग बोलायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं की ले, ला, त, वर यांतलं काहीही न लावता मराठी बोलणं किती कठीण आहे. फाइलमध्ये म्हणायचं नाही. नावाला म्हणायचं नाही. नुसती नावं, एकेक.

“फाइल. टिंब. प्रोफाइल. उघड. तळ. नवी ओळ. आता हुकूम. एक्स्पोर्ट. जागा. नाव. माती. खालची रेघ. डाटा. नाव संपलं. बरोबर. पत्ता.”

“वयनी, तुमी लहान पोरगी नवीन बोलाले लागते तशा बोलून राहिल्या.”

“वाच परत.”

तिने एकेक अक्षर वाचलं. नावातलं शेवटचं ए आलं आणि नाव तिथेच थांबलं. “ले नाई,” ती म्हणाली. “आता बंद करून चालू करतो.”

संगणक बंद होऊन सुरू होईस्तोवर मी कणीक पुन्हा मळली. ती आधीच मळून झाली होती. ओळख लिहून ती आत शिरली, चित्रावर दोनदा टिचकी मारली.

“आली,” ती म्हणाली. “वयनी, आली यादी.”

मागे गाडीचा हॉर्न ऐकू आला. “मालक आले. ठेवतो,” आणि फोन बंद.

मी पोळ्या केल्या, त्यातल्या दोन करपल्या. नवऱ्याने करपलेल्या बाजूला ठेवून बाकीच्या खाल्ल्या. स्कूटी काढली. राजकमल चौकात सिग्नलला थांबले तेव्हा फोन पाहिला. काही नाही. संस्थेत पोचून पाहिला. नाही. वर्गाबाहेर उभी राहिले. आत मुली गोंगाट करत होत्या. मुली बघत होत्या, मॅडम आज बाहेर का उभ्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, पुन्हा चढले.

तेव्हा फोन आला.

“टिचकी मारली त्यांनी. निघाली यादी. मले म्हणे, कोनं केलं? म्हटलं, मी केलं. म्हणे, तुई वयनी आली होती ना काल, टपरीवाला सांगून राहिला. म्हटलं, आली होती. बसली होती.”

“मग?”

“नागपूरवाल्याले नाई म्हणून सांगतो म्हणे. अहवाल इथंच.”

“आणि माती?”

“माती कुटाले नवी बाई पाहून राहिले. सापडन तोवर दुपारून मीच.”

“डॉक्टरचा कागद दाखव त्याला.”

“दाखवला. म्हणे मास्क लाव.”

“मास्कने होत नाही. मी त्याच्याशी बोलते.”

“नका बोलू,” ती म्हणाली. “सकाळी मशीन माही, दुपारून माती. अगोदर दिवसभर माती होती. बाकीचं मी पाहीन, वयनी. तुमी जा वर्गात.”

मला अजून बरंच बोलायचं होतं. पण तिकडून प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती कुणाला तरी कागद उचला म्हणाली. मी फोन पर्समध्ये टाकला, वर्गात गेले आणि हजेरी घेतली.